तांबटाची ढोली आणि सेहेचाळीस माणसं : एका पक्षीनिरीक्षण फेरीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण शहरातल्या एका जुन्या उद्यानातलं आहे. उद्यानाचं आणि माणसांची नावं मुद्दाम गाळली आहेत. मी स्वतः त्या गटात होते, तेव्हा त्रयस्थपणाचा आव आणत नाही. चुकांमध्ये माझाही वाटा आहे.

आम्ही पाच जण होतो. कामधंदे वेगळे, खोड एकच. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत दर रविवारी सकाळी साडेसहाला उद्यानाच्या मागच्या फाटकाशी जमायचं आणि दोन-सव्वादोन तास फिरून यायचं. नोंदणी नाही, पैसे नाहीत, येईल त्याला सोबत घ्यायचं. मुहूर्त फेब्रुवारीचा, कारण त्या महिन्यात ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ असतो. १९९८ साली अमेरिकेत सुरू झालेली ही पक्षीगणना २०१३पासून जगभर होते. चार दिवस, एका जागी निदान पंधरा मिनिटं, दिसेल-ऐकू येईल तो पक्षी मोजायचा आणि ‘ई-बर्ड’ या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकायची. नवख्या माणसाला आत ओढायला याहून सोपं निमित्त नाही.

शिवाय हा काळच मेहेरबान असतो. पानगळ झालेली, नवी पालवी अजून भरलेली नाही, त्यामुळे पानांआड लपायची सोय कमी. इथले पक्षी विणीला लागलेले असतात. दयाळ पहाटेपासून उंच टोकावर बसून गातो. एरवी कुणाच्या लक्षात न येणारा कोकीळ ‘मी इथेच आहे’ म्हणून सगळ्यांना सांगत सुटतो. पाहुणे पक्षीही अजून गेलेले नसतात. धोबी तळ्याकाठी शेपटी हलवत असतो, पर्णवटवटे फांद्यांतून धावत असतात आणि परतीच्या वाटेवरच्या पळसमैनांचा थवा फुललेल्या पळसावर उतरला, तर त्या गलक्यात काही मिनिटं बोलणंच थांबतं.

आमची वाट ठरलेली होती. फाटकापासून तळं, तळ्याच्या कडेने गुलमोहरांची रांग, पुढे मागच्या बाजूचा रानटी वाढलेला तुकडा आणि परत. माणसं बारा-पंधरा. पुढे एक जण वॉक लीडर, मागे मी. शेपटाला चालणाऱ्याचं काम म्हणजे रेंगाळणाऱ्यांना गोळा करणं, लहान मुलांना दुर्बीण लावून देणं आणि कुणी ‘कुठाय, कुठाय’ करत असेल तर फांदी सापडवून देणं. नवा माणूस हमखास दुर्बीण डोळ्याला लावून मग पक्षी शोधू लागतो. आधी नुसत्या डोळ्याने पक्षी धरायचा, नजर न हलवता दुर्बीण वर आणायची, हे दर रविवारी निदान सहा जणांना सांगायचं. झाडाला घड्याळ समजून ‘दहा वाजता, खालून दुसरी फांदी’ असं बोलायचीही सवय लावावी लागते. नाहीतर वीस हात वीस दिशांना उठतात आणि पक्षी उडतो.

ढोली सापडली

दुसऱ्या फेरीला गुलमोहराच्या रांगेत लीडर एकदम थांबला. वाटेवर झुकलेली एक वाळकी फांदी, जमिनीपासून साधारण दोन पुरुष उंच. तिच्या खालच्या अंगाला लहानसं गोल भोक आणि त्या भोकातून भुरभुर लाकडाचा भुसा पडत होता. थोड्या वेळाने भोकातून लाल कपाळाचं डोकं बाहेर आलं, चोचीत भरलेला भुसा झटक्यात उडवला आणि पुन्हा आत गेलं.

तांबट म्हणजे नवशिक्यांची नेहमीची फसवणूक. आवाज सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलेला. तांब्यावर हातोडी मारावी तसा ‘टुक टुक टुक’, मिनिटाला शंभराच्या वर. पण पक्षी चिमणीहून थोडाच मोठा आणि हिरवा. त्यात बोलताना मान इकडून तिकडे फिरवतो, त्यामुळे आवाज कुठून येतोय तेच उमगत नाही. चोच मिटलेली असते, गळ्याच्या दोन्ही बाजूंची उघडी कातडी प्रत्येक ‘टुक’ला फुगते आणि बसते. एवढं सगळं माणसाला कधी बघायला मिळतं? आणि इथे तर तो समोर घर कोरत होता. नर-मादी आळीपाळीने.

त्या दिवशी बारा जण होते. सगळ्यांनी पाहिलं. एका पोराने तर पडणारा भुसा तळहातावर झेलला. परत फाटकाशी आल्यावर लीडर म्हणाला, “ही ढोली आता आपल्या वाटेवरच ठेवायची. दर रविवारी इथे थांबायचं. कोरणं, अंडी, पिल्लं, सगळा हंगाम लोकांना बघू दे.”

मला ते पटलं. चौघांनाही पटलं. हा आमचा पहिला निर्णय, आणि खरं सांगायचं तर तो घेतला गेला हेसुद्धा आमच्या लक्षात आलं नाही. ‘ढोली वाटेवर ठेवायची का?’ असा प्रश्न कुणी विचारलाच नाही.

अडचण कशी वाढत गेली

भुसा उडवणाऱ्या तांबटाचा व्हिडिओ कुणीतरी काढला होता. छानच होता. तो फिरला, आणि सोबत उद्यानाचं नाव, फाटक, ‘गुलमोहराची रांग, चौथं झाड’ असा पत्ताही फिरला. पुढच्या रविवारी एकोणीस माणसं, मग चोवीस, मग एकतीस.

एकतीस माणसांच्या फेरीला पहिला खटका उडाला. तोवर ढोली कोरून झाली होती, पक्षी आत बसू लागले होते. म्हणजे अंडी असणार. तांबटाच्या जोडीत दोघंही उबवायला बसतात आणि साधारण दोन आठवड्यांत पिल्लं निघतात. आम्ही पोचलो तेव्हा भोक रिकामं दिसत होतं. सगळे माना वर करून वाट बघत उभे. नेहमी येणारे एक ज्येष्ठ गृहस्थ, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो, त्यांनी फोन काढला आणि तांबटाचा आवाज लावला. ‘टुक टुक टुक’, मोठ्याने.

अर्ध्या मिनिटात ढोलीतून पक्षी बाहेर आला. वरच्या फांदीवर बसून मान खालीवर करत आवाजाचा धनी शोधू लागला. दुसराही कुठूनसा आला. लोक खूष, कॅमेरे खणखणले. काकांनी माझ्याकडे ‘बघा कसं बोलावलं’ अशा नजरेने पाहिलं.

मी काही बोलले नाही. लीडरही बोलला नाही. काका वयाने मोठे, दर रविवारी येणारे, आमच्यासाठी थर्मासमधून चहा आणणारे. त्यांना तीस माणसांसमोर कसं टोकायचं? दोन-तीन मिनिटांनी त्यांनीच फोन खिशात टाकला. पण तेवढ्यात काय झालं होतं ते आम्हाला ठाऊक होतं. विणीच्या हंगामात पक्ष्याला त्याच्याच जातीचा आवाज ऐकवला, की त्याला वाटतं हद्दीत दुसरा कुणी शिरला. तो अंडी सोडून भांडायला बाहेर येतो. लोकांना जे ‘दर्शन’ वाटलं, ती त्याची तारांबळ होती.

फेरी संपल्यावर मी काकांना बाजूला घेऊन सांगितलं. ते प्रामाणिकपणे म्हणाले, “अगो, मला वाटलं ॲप तेवढ्यासाठीच असतं.” त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पहिल्याच फेरीला आम्ही त्यांना मर्लिन ॲप दाखवलं होतं, आवाज ऐकून पक्षी ओळखणारं. त्यात साठवलेले आवाज कधी वाजवायचे आणि कधी नाही, ते सांगितलंच नव्हतं.

सेहेचाळीस माणसांचा रविवार

मार्चच्या शेवटच्या रविवारी फाटकाशी सेहेचाळीस माणसं होती. ढोलीत पिल्लं निघाली होती, कारण आदल्या आठवड्यात पक्षी चोचीत खाऊ घेऊन आत जाताना दिसला होता. लांब भिंगाचे कॅमेरे घेतलेले सात-आठ जण, दोन कुटुंबं बाळगाड्यांसकट, एक शाळकरी मुलांचा गट. आम्ही पाचांपैकी तिघंच हजर.

दुसरा निर्णय तिथे, पाच मिनिटांत, फाटकाशी उभ्याउभ्या झाला. पर्याय तीन. काहींना परत पाठवायचं. दोन गट करून वेगवेगळ्या वाटांनी न्यायचं. किंवा सगळ्यांना न्यायचं. परत पाठवणं जिवावर आलं, लोक पहाटे उठून आले होते. दोन गट केले. पण ढोली दोन्ही गटांना हवी होती, म्हणून दोन्ही गट दहा मिनिटांच्या फरकाने त्याच वाटेने निघाले. आम्हाला वाटलं गर्दी निम्मी झाली. प्रत्यक्षात झाडाखालचा मुक्काम दुप्पट झाला, कारण पहिला गट हलेना आणि दुसरा येऊन मिळाला.

मी शेपटाला होते, पुढचं काही दिसत नव्हतं. म्हणून मी ढोलीकडे न बघता आजूबाजूला बघत होते, आणि त्यामुळेच मला तो दिसला. शेजारच्या गुलमोहरावर, पंधरा पावलांवर, चोचीत काहीतरी लालसर धरून बसलेला तांबट. बहुधा उंबर. मान ताणलेली. ढोलीकडे बघायचा, खाली बघायचा, फांदीवर दोन पावलं पुढे यायचा, पुन्हा मागे. मी घड्याळ पाहिलं, सात अठ्ठेचाळीस. आठ वाजून दहा मिनिटांपर्यंत तो तसाच होता. मग ते फळ चोचीत तसंच घेऊन उडून गेला.

बावीस मिनिटं. सेहेचाळीस माणसांपैकी एकालाही तो दिसला नव्हता, कारण सगळ्यांच्या दुर्बिणी भोकावर होत्या. माझ्यापुढचा एक जण तर कुजबुजला, “आज पक्षी आळशी दिसतोय.”

सगळे पुढे गेल्यावर मी मागे थांबले. वाट मोकळी झाल्यावर चार मिनिटांत पक्षी आला आणि सरळ आत शिरला. दुसऱ्या दिवशी कामाला जायच्या आधी मी लांबच्या बाकावर तासभर बसले. दोघं मिळून आठ वेळा आत गेले, दोन येण्यांमधला सर्वांत मोठा खंड नऊ मिनिटांचा. एका तासाच्या मोजणीला अभ्यास म्हणत नाहीत, हे मला कळतं. पण नऊ आणि बावीस यातला फरक कळायला अभ्यास लागत नाही.

समोरचे पर्याय

त्या सोमवारी संध्याकाळी पाचही जण भेटलो आणि तीन तास वाद झाला. हा वाद जरा सविस्तर लिहिते, कारण बाकीच्या गटांना त्याचाच उपयोग होईल.

एकाचं म्हणणं होतं, पिल्लं उडेपर्यंत फेऱ्याच बंद. सरळ, स्वच्छ. पण व्हिडिओ फिरलेला होता. आम्ही नसलो तरी लोक येणारच, आणि तेव्हा त्यांना थांबवणारं कुणी नसणार.

दुसरा पर्याय होता, फेऱ्या चालू ठेवायच्या पण ढोलीचं नावही काढायचं नाही. वाट उलट्या दिशेने न्यायची. यावर लीडर उखडला. त्याचं बोलणं मला अजून जसंच्या तसं आठवतं : “आज जो माणूस त्या भोकातून डोकं बाहेर येताना बघेल, तोच उद्या झाड तोडायला आलं की आडवा येईल. दाखवायचंच नाही तर आपण फिरतो कशाला? व्यायामाला?”

हा मुद्दा खोटा नव्हता. आम्हा पाचांनाही कुणीतरी कधीतरी एखादं घरटं दाखवलं होतं, म्हणूनच आम्ही तिथे होतो. मी एवढंच म्हणाले, की बाराजणांनी पाहिलं तेव्हा पक्षी येत-जात होता, सेहेचाळीस झाल्यावर थांबला. ‘दाखवायचं की नाही’ यावर भांडण्यापेक्षा किती जणांनी, किती लांबून आणि किती वेळ बघायचं ते ठरवू.

तिसरा पर्याय, झाडाला पाटी लावायची : ‘घरटं आहे, आवाज करू नका.’ हा सगळ्यात आधी बाद झाला. ज्यांना माहीत नाही त्यांनाही ती पाटी पत्ता सांगणार.

चौथा, आम्ही आळीपाळीने पहारा द्यायचा. दोन दिवसही निभला नसता.

एका सहकाऱ्याने मध्येच विचारलं, “एवढं काय, तांबटच आहे ना? गल्लोगल्ली आहेत.” प्रश्न रास्त होता. दुर्मीळ पक्षी असता तर आम्ही पहिल्याच दिवशी गप्प बसलो असतो. नेहमीचा म्हणूनच बेफिकीर राहिलो. पण नवखी माणसं शिकतात ती नेहमीच्याच पक्ष्यांवर. आज तांबटाच्या ढोलीखाली अर्धा तास उभं राहायची सवय लागली, तर उद्या घुबडाच्या ढोलीखालीही ती तेवढाच वेळ उभी राहणार.

काय केलं

पहिली गोष्ट, नोंदणी. एका लीडरमागे पंधराच माणसं आणि दोनच गट, दोन वेगळ्या वाटांनी. ढोलीच्या वाटेने एकच गट, दुसरा तळ्यावर. पुढच्या रविवारी अदलाबदल.

दुसरी, अंतर. झाडापासून वीस पावलांवर वाटेला एक वळण आहे, तिथेच थांबायचं. एकाकडे जुना स्पॉटिंग स्कोप, म्हणजे लांबचं मोठं दाखवणारी एका डोळ्याची दुर्बीण, होता, तो तिपाईवर ढोलीवर लावून ठेवायचा आणि रांगेने एकेकाने डोळा लावायचा. स्कोपमधून भोक इतकं मोठं दिसतं की जवळ जायची कुणाला गरजच वाटत नाही. रांग असल्यामुळे लोक आपोआप पुढे सरकतात, हा फायदा आम्हाला नंतर कळला.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. थांबायचा वेळ आम्ही मिनिटांत ठरवला नाही, पक्ष्यावर सोपवला. गटातल्या एकाला, शक्यतो एखाद्या मुलाला, काम द्यायचं : ढोलीकडे बघायचं नाही, आजूबाजूच्या फांद्या बघायच्या. चोचीत काही घेऊन बसलेला आणि आत न जाणारा तांबट दिसला, की हात वर. हात वर झाला की सगळ्यांनी मागे फिरायचं, स्कोपला कुणाचा डोळा लागलेला असला तरी. पहिल्याच रविवारी नऊ वर्षांच्या मुलीने तीन मिनिटांत हात वर केला आणि एका मोठ्या गृहस्थांना अर्ध्यात उठवलं. ते जरा हिरमुसले. ती मात्र दिवसभर ऐटीत होती.

चौथी, आवाज वाजवायचा नाही. हे फाटकाशी, निघायच्या आधी, सगळ्यांना सांगायचं. आणि हे सांगायचं काम आम्ही काकांनाच दिलं. त्यांनी स्वतःचा किस्सा सांगून इतकं चांगलं समजावलं, की पुन्हा कुणाचा फोन निघाला नाही.

पाचवी, यादी. ई-बर्डवर विणीच्या नोंदींसाठी खुणा असतात, घरटं बांधताना, खाऊ नेताना, पिल्लांना भरवताना अशा. त्या नोंदी अभ्यासकांना उपयोगाच्या असतात, म्हणून आम्ही त्या ठेवल्या. पण झाड कुठलं, फांदी कुठली, हा तपशील आणि ढोलीचे फोटो हंगाम संपेपर्यंत टाकायचे नाहीत असं ठरवलं.

आणि सहावी गोष्ट आम्ही केलीच नाही, ती आपसूक झाली. त्याच आठवड्यात उद्यानाच्या माळ्यांनी वाळक्या फांद्यांवर चुन्याच्या खुणा केल्या. आमच्या फांदीवरही. त्यांचंही खरं होतं. वाटेवर झुकलेली वाळकी फांदी वारा सुटला की कुणाच्या तरी डोक्यात पडते. मी माळीमामांना गाठलं, स्कोपमधून भोक दाखवलं. ते बराच वेळ डोळा लावून बसले आणि म्हणाले, “हे रोज वरून टुकटुक करतंय ते हेच होय?” मग जरा विचार करून, “फांदी मी शेवटाला घेतो. पण खाली माणूस येता कामा नये. कुणाला लागलं तर माझी नोकरी जाईल.”

दुसऱ्या दिवशी झाडाभोवती दोरी बांधलेली आणि त्यावर पुठ्ठा : ‘फांदी धोकादायक. खाली थांबू नये.’

आम्ही तीन तास डोकं खाजवून ज्याच्यापर्यंत पोचलो नव्हतो, ते त्या पुठ्ठ्याने केलं. पक्ष्याला त्रास होईल म्हणून एक पाऊल मागे न सरकणारी माणसं स्वतःच्या डोक्याच्या काळजीने दहा पावलं मागे सरकली. शिवाय पाटीत खोटं काही नव्हतं, आणि पक्ष्याचं नावही नव्हतं.

काय झालं

माणसं घटली. नोंदणी म्हटल्यावर बरेच जण गळाले. कॅमेरेवाल्यांपैकी बहुतेकांनी येणं सोडलं. एकाने निरोप पाठवला, की उद्यान काही तुमच्या मालकीचं नाही. ते बरोबरच आहे. आठवड्याच्या मधल्या दिवशी कुणीतरी दोरी ओलांडून आत गेल्याचं माळीमामांनी दोनदा सांगितलं. सगळं आटोक्यात आलं असं मी म्हणणार नाही.

एप्रिलच्या मध्यावर भोकातून पिल्लाचं डोकं दिसू लागलं. प्रौढासारखं लाल कपाळ नाही, सगळं फिकट हिरवट. एकदा दोन डोकी एकदम. शेवटून दुसऱ्या रविवारी पाच-सहा मिनिटांत दोनदा भरवणं पाहिलं. त्यानंतरच्या गुरुवारी मी सकाळी गेले तेव्हा भोक गप्प होतं. तासभर बसले, कुणी आलं नाही. आसपास तांबटाचा आवाज होता, पण उद्यानात तो कायमच असतो.

पिल्लं उडाली की कुणी खाल्ली? कावळे त्या रांगेत रोज असतात. भोकाची कड विस्कटलेली नव्हती, म्हणून आम्ही ‘उडाली’ असं धरून चाललो. नोंद मात्र तशी केली नाही. पिल्लं ढोलीबाहेर कुणी पाहिली नव्हती.

एक अनपेक्षित गोष्ट मात्र हाती लागली. तळ्याकडे जाणाऱ्या गटाला दाखवायला ढोली नव्हती, म्हणून त्या लीडरने एका फळांनी लगडलेल्या उंबराखाली, जरा लांब, सगळ्यांना नुसतं बसवलं. चालणं नाही, बोलणं नाही, वीस मिनिटं. बुलबुल, मैना, कोकिळेची ठिपकेदार मादी, हळद्या, आणि त्याच उंबरावर खाणारे तीन तांबट, सगळे आपणहून आले. दृष्टी अधू असलेल्या एका आजींना त्या दिवशी पहिल्यांदा फेरी आवडली, कारण तिथे सगळे डोळ्यांपेक्षा कानांनी बघत होते. हंगामाच्या शेवटाकडे लोकांना विचारलं, तर बऱ्याच जणांनी ढोलीच्या आधी उंबराचं नाव घेतलं. लीडर यावर काही बोलला नाही, पण पुढच्या रविवारी त्यानेही आपला गट उंबराखाली बसवला.

आज पुन्हा करायचं तर

आकडा हंगामाच्या आधी ठरवू. फाटकाशी उभ्या असलेल्या माणसाला परत पाठवणं कुणालाच जमत नाही, पण नोंदणी भरली असं आदल्या दिवशी कळवणं कुणालाही जमतं. आमचे बरेचसे चुकीचे निर्णय फाटकाशी झाले.

काकांना त्याच क्षणी थांबवायला हवं होतं. “काका, एक मिनिट, बंद करा, सांगतो” एवढंच. नंतर बाजूला घेऊन सांगितलं ते एकट्या त्यांना कळलं. बाकीच्या तिसांनी ‘असंही करतात’ हे पाहिलं आणि तेच घेऊन घरी गेले. भिडेपोटी गप्प बसण्याची किंमत त्या ढोलीने मोजली.

मोजणीही आधी करायला हवी होती. बारा माणसं असताना पक्षी किती वेळाने येतो ते टिपून ठेवलं असतं, तर एकोणीस किंवा चोवीसलाच फरक कळला असता. आम्ही दर रविवारी जातींची संख्या न चुकता लिहीत होतो, एकतीस, चौतीस, अठ्ठावीस. ढोलीवर दोन येण्यांमधला खंड एकदाही लिहिला नाही.

व्हिडिओबद्दल आमचं अजून एकमत नाही. लीडरला वाटतं, पत्ता नको पण व्हिडिओ हवा. मला वाटतं, उद्यानाचं नाव जरी असलं तरी शोधणारा शोधतोच. यावर आमचं दर हंगामाला भांडण होतं, आणि होत राहील.

माळ्यांशी बोलायला आम्ही पाच आठवडे लावले, तेही चुन्याची खूण पाहून. ती माणसं रोज तिथे असतात. कुठल्या झाडाला भोक आहे, कुठली फांदी यंदा पडणार, हे त्यांना आमच्या आधी कळतं. आता फेब्रुवारीत पहिल्या फेरीच्या आधी मी माळीमामांबरोबर एक चक्कर मारते.

मे महिन्यात त्यांनी ती फांदी उतरवली आणि ढोलीचा हातभर तुकडा माझ्यासाठी बाजूला ठेवला. सुताराकडून तो उभा चिरून घेतला. भोक आत जाऊन खाली वळतं आणि तळाशी वाटीसारखं रुंद होतं. आत ना गवत ना पीस, नुसतं लाकूड आणि तळाला चिकटलेल्या उंबराच्या बारीक बिया. भिंतींवर चोचीच्या टोच्यांच्या खुणा अजून बोटाला लागतात. आता दर वर्षी पहिल्या फेरीला, फाटकातून आत शिरायच्या आधी, तो तुकडा हातोहात फिरतो. मुलं भोकात बोट घालून बघतात आणि काका शेजारी उभे राहून सांगतात, आतला पक्षी बाहेर केव्हा येतो आणि केव्हा येत नाही.